खमीर, उकड आणि आखाताची वाट

इस्रायलहून मुंबईस लग्नकार्यासाठी किंवा नुसतेच माणसांना भेटण्यासाठी निघालेल्या आपल्या समाजातील कुटुंबांना २०२० पासून वाटेत दुबईस उतरता येऊ लागले. मुलांना उंच मनोरे पाहावयाचे असतात, पुरुषमंडळींना सोन्याचे भाव विचारावयाचे असतात, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया मसाल्यांच्या बाजारात रेंगाळतात. अमिरातीच्या घरांतून आणि बाजारांतून एक फुगलेली, जाडसर भाकरी मिळते. कणकेत खजूर, वेलची, केशर असा ऐपतीप्रमाणे ऐवज घालून, वर तीळ पेरून ती भाजतात. तिचे नाव विचारले की उत्तर येते : खमीर.

हा शब्द ऐकून मराठी ज्यूने थबकावे. ‘बेखमीर भाकर’ हे आपल्या मराठी शास्त्रग्रंथांतील आणि पेसाहच्या बोलण्यातील नित्याचे शब्द. मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि त्यामागे फारसी ‘बे’ लागून आपल्या सणाचे नाव सिद्ध झाले. एवढ्यावरच हे भागत नाही. पेसाहच्या आदल्या दिवशी घरातील खमिराचा त्याग करताना यजमान जे अरामी वचन म्हणतो त्याचा आरंभ ‘कोल हमिरा’ असा आहे. हमिरा आणि खमीर ही एकाच धातूची भावंडे होत. म्हणजे ज्या वस्तूचे नाव घेऊन आपण ती वर्षातून एकदा घराबाहेर काढतो, तीच वस्तू त्याच नावाने अमिरातीच्या न्याहारीला ताटात येते. तेथील दुसरी भाकरी, रिगाग, ही मात्र खमिराविना, तापल्या लोखंडी तव्यावर हाताने पातळ पसरून करतात. घावन घालणाऱ्या कोकणी गृहिणीला तो हात लगेच ओळखू येईल. (म्हणून कोणी तिला पेसाहची भाकर समजून पिशवीत भरू नये. विधीच्या भाकरीस पिठापासून पहारा लागतो.)

या किनाऱ्याशी आपला संबंध केवळ शब्दाचा नाही. बाराव्या शतकातील ज्यू प्रवासी तुदेलाचा बेंजामिन याने आखातातील कीश बेटाचे, जे आज इराणच्या बाजूस आहे, वर्णन केले आहे. हिंदुस्थानचे व्यापारी तेथे मसाले आणीत, इराक, येमेन व इराणचे लोक कापडाबरोबर गहू, जव आणि डाळी आणीत, आणि बेटावरील लोक दलालीवर पोट भरीत. तेथे सुमारे ५०० ज्यू असल्याचे तो सांगतो. अमिरातीच्या आजच्या हद्दीत, रास अल-खैमाजवळील शिमाल येथे, दावीद नावाच्या एका ज्यूच्या कबरीचा हिब्रू लेख असलेला दगड मिळाला आहे. अलीकडच्या काळातही मुंबई या किनाऱ्याची मोठी पेठ होती. भारतीय रुपया तेथे चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ मध्ये ते चलन तेथून उठले. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून आखाताच्या बंदरांना जात. त्यांतली शेवटची ‘द्वारका’ १९८२ मध्ये थांबली.

परंतु इस्रायलला येऊन स्थायिक झालेल्यांना ही वाट बंद होती. एकाच घरातील भाऊ भारतीय पारपत्रावर दुबईत नोकरी करू शकत होता, आणि लोद किंवा अश्दोदला राहणाऱ्या त्याच्या बहिणीला मात्र इस्रायली पारपत्रावर त्याच्या घरी पाऊल टाकता येत नव्हते. ऑगस्ट २०२० पर्यंत दोन्ही देशांमध्ये थेट दूरध्वनीदेखील नव्हता. एल अलचे मुंबईचे विमान तांबड्या समुद्रावरून अरबस्तानाला वळसा घालून जात असे. ३१ ऑगस्ट २०२० रोजी एल अलचे पहिले विमान सौदी आकाशातून अबू धाबीस उतरले, १५ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या, आणि २६ नोव्हेंबरला दुबई-तेल अवीव अशी नियमित सेवा सुरू झाली. तीन तासांच्या आसपासचे अंतर तोडण्यास बहात्तर वर्षे लागली. ही वाट सर्वस्वी निर्धोक झाली असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे राहणाऱ्या एका रब्बीचे अपहरण होऊन त्यांची हत्या झाली, आणि पुढील वर्षी तेथील न्यायालयाने तिघांना देहान्ताची शिक्षा सुनावली.

अबू धाबीच्या सादियात बेटावर मशीद, ख्रिस्तमंदिर आणि आपले प्रार्थनालय अशा तीन सारख्या आकाराच्या वास्तू एका आवारात उभ्या आहेत. वास्तुविशारद डेव्हिड अजाये यांनी त्या रचल्या, आणि मार्च २०२३ पासून त्या लोकांना पाहावयास खुल्या झाल्या. प्रार्थनालयास मोशे बेन मैमोन, म्हणजे आपले रामबाम, यांचे नाव दिले आहे. बेने इस्राएल यात्रेकरूने या नावापाशी दोन घटका थांबावे, असे आम्हांस वाटते. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण समुद्राचे. रामबामांचा धाकटा भाऊ दावीद हा जवाहिऱ्या होता, आणि त्याच्या व्यापारावर घर चालत असे. हिंदुस्थानच्या वाटेवर त्याने ऐधाब बंदरातून भावाला लिहिलेले पत्र कैरोच्या गेनिझात सापडले आहे. काळजी करू नकोस, घरच्यांना धीर दे, असा त्याचा सूर. त्यानंतर हिंदी महासागरात दावीद बुडाला. कुटुंबाची आणि इतरांची ठेव त्याच्याबरोबर गेली. मागे राहिली ती पत्नी आणि लहानगी मुलगी. रामबाम वर्षभर अंथरुणास खिळले, आणि आठ वर्षांनंतरही आपले दुःख ओसरले नसल्याचे त्यांनी लिहिले. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि वाचलेल्या सात जोडप्यांची कथा ज्या समाजात आजी नातवंडांना सांगते, त्या समाजाला हे पत्र परके वाटू नये.

दुसरे कारण थोडे बोचरे आहे. फ्रान्समधील लुनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात रामबाम म्हणतात की हिंदुस्थानातील ज्यूंना लेखी शास्त्र ठाऊक नाही. शब्बाथ आणि सुंता एवढेच त्यांच्याजवळ उरले आहे. या वाक्यात आपल्या पूर्वजांचा प्राचीन पुरावा पाहणारे आहेत, तसेच आपल्या अज्ञानाचा दाखला काढणारेही आहेत. १९६० नंतरच्या वर्षांत इस्रायलमध्ये आपल्या विवाहांविषयी शंका उपस्थित झाल्या, तेव्हा ‘यांना शास्त्र कोठले?’ हा स्वर समाजाने पुष्कळ ऐकला. १९६४ मध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू असल्याचे शासनाने मान्य केले. पण स्वयंपाकघरावरील शंका शासकीय घोषणेने मिटत नाही. पेसाहला तांदूळ खाता? तांदळाची भाकर कशी चालते? हा प्रश्न आपल्या कित्येक सुनांनी इमारतीच्या जिन्यात ऐकला असेल.

त्याचे उत्तर त्याच रामबामांनी देऊन ठेवले आहे. ‘मिश्ने तोरा’त ते स्पष्ट करतात की खमिराची बंदी गहू, जव आणि त्यांच्या जातीच्या पाच धान्यांनाच लागू आहे. तांदळाचे पीठ उकळत्या पाण्यात मळले, कणकेसारखे फुगेपर्यंत झाकून ठेवले, तरी ते पेसाहात खाण्यास मुभा आहे, कारण ते खमीर नव्हे. उकळते पाणी, तांदळाचे पीठ, वर झाकण! कोकणात याला उकड म्हणतात, आणि अलिबागच्या परिसरात ती कशी काढावी हे कोणास ग्रंथ उघडून पाहावे लागले नाही. सेदेरच्या विधीची भाकर मात्र त्या पाच धान्यांपैकीच हवी, हेही त्यांनीच सांगितले आहे, आणि ते आपण पाळतोच.

हायम केहिमकर यांच्या इतिहासात, जो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला, पेसाहचे जुने कोकणी नाव नोंदलेले आहे : अनशी ढाकाचा सण. अनशी म्हणजे कालवणासाठी साठवलेला आंबट रस. त्याचे मडके या दिवसांत झाकून ठेवीत. मिसर देशातून निघाल्याची कथा वाचण्यास पुस्तक नव्हते, तारीख सांगण्यास रब्बी नव्हता. आंबलेल्या वस्तूचे तोंड बांधावयाचे, एवढे मात्र घरातल्या बाईला पक्के ठाऊक होते. शब्बाथला तेलाचा घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवणाऱ्या पुरुषांची कीर्ती झाली, ती योग्यच. मडके झाकणाऱ्या हाताची नोंद त्या मानाने कमी झाली.

दुबईच्या सदनिकांत आज भट्टी असते, हाल्ला तेथे घरी भाजता येते, आणि भारतीय दुकानांतून तांदळाचे पीठ व ओला नारळ दोन्ही मिळतात. भाऊ तेथे असेल तर बहिणीने शुक्रवारी त्याच्या घरी जावे. किद्दुशला मनुकांचे शरबत भिजत घालावे, मुलांना कणीक मळावयास बसवावे. उकडीला पाणी किती, हे मात्र तोंडी सांगता येत नाही. ते तिच्याकडून त्यांनी शेजारी उभे राहून पाहिले पाहिजे.