‘पी-ए’चा गठ्ठा आणि हरवलेली बॉन्डमेड

आजचा एपिसोड छोटाय, पण माझ्यासारख्या डेटाबेस सांभाळणाऱ्याला झोप लागू न देणारा आहे.

इंग्रजीत पी आणि ए या अक्षरांनी सुरू होणारे शब्द आठवा. पेपर, पॅलेस, पार्टी, पार्टनर, पेन (लिहायचं नव्हे, दुखतं ते). एकेकाळी या सगळ्या शब्दांचा जमवलेला पुरावा आयर्लंडमधल्या कॅव्हन परगण्यातल्या एका तबेल्यात पडून होता. आणि त्यातला बराचसा आग पेटवायला वापरूनही झाला होता!

झालं असं. 1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने ठरवलं, की इंग्रजीचा नवा, संपूर्ण शब्दकोश हवा. तोच पुढे ऑक्सफर्डचा शब्दकोश झाला. पद्धत साधी होती. लोकांनी घरी पुस्तकं वाचायची. एका चिठ्ठीवर कोपऱ्यात शब्द लिहायचा, खाली तो वापरलेलं वाक्य, पुस्तकाचं नाव, साल. मग या चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावायच्या आणि त्या समोर ठेवून व्याख्या लिहायची. म्हणजे चिठ्ठी नाही, तर व्याख्याही नाही.

पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी 54 कप्प्यांचं कपाट करून घेतलं. ते 1861 मध्ये, तिशीतच गेले. पुढचे फर्निव्हल उत्साही, पण पसारेबाज. अक्षरांचे गठ्ठे मदतनिसांच्या घरोघरी गेले आणि तिथेच राहिले. बॅकअप वगैरे काही नाही, एकच प्रत!

1879 मध्ये जेम्स मरे या शाळामास्तरांनी काम हातात घेतलं, तेव्हा त्यांच्याकडे जवळजवळ दोन टन चिठ्ठ्या आल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण, पिल्लांसकट. एच अक्षराचा गठ्ठा इटलीत, फ्लॉरेन्सला सापडला. ‘पी-ए’चं काय झालं ते सांगितलंच. मरेंनी अंगणात पत्र्याची शेड बांधली, भिंतीला हजारावर कप्पे केले आणि स्वतःच्या मुलांना पॉकेटमनी देऊन चिठ्ठ्या लावायला बसवलं. त्यांना अकरा मुलं होती, त्यामुळे मनुष्यबळाची चिंता नव्हती म्हणा.

‘ए’पासून ‘अँट’पर्यंतचा पहिला भाग 1884 मध्ये आला. 352 पानं, आणि अजून ए अक्षरसुद्धा संपलेलं नाही!

पण इतकी काळजी घेऊनही एक शब्द निसटलाच. 1888 च्या पहिल्या खंडात ‘बॉन्ड’ने सुरू होणाऱ्या शब्दांची रांग आहे. त्यात ‘बॉन्डमन’ आहे, म्हणजे गुलाम पुरुष. त्याच्या आधी ‘बॉन्डमेड’ हवी होती, गुलाम स्त्री. ती नाही. कुणी मुद्दाम गाळली नव्हती, तिच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या. शब्द काही अनोळखी नव्हता हो, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये आहे. म्हणजे घराघरात वाचला जात होता.

आमच्याकडे अशी एंट्री राहिली तर रात्रीच पॅच जातो. इथे खंड छापून झाला होता आणि पुढची अक्षरं रांगेत उभी होती. 1915 मध्ये मरे गेले, तेव्हा शब्दकोश पुरा झाला नव्हता. तो संपला 1928 मध्ये, चार लाखांहून जास्त शब्दांसह. बॉन्डमेड त्यातही नव्हती.

तिला जागा मिळाली 1933 च्या पुरवणीत.