झोप, अंतराळातील

वजनरहित अवस्थेत माणसाची झोप व शरीराचे जैविक घड्याळ यांत होणारे बदल. भारतात या विषयाचे घर बंगळूरू. हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था (स्थापना १९५७) इथलीच. पहिले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा यांच्या निवडीच्या वैद्यकीय चाचण्या तिथे झाल्या, आणि २०१९ साली गगनयान या भारताच्या समानव अंतराळ मोहिमेच्या उमेदवारांच्याही. इस्रोचे मानवी अंतराळ उड्डाण केंद्रही त्याच वर्षापासून या शहरात आहे.

पाठ टेकणे, अंग टाकणे, कूस बदलणे हे झोपेचे आपले सगळे शब्द वजनाच्या आधाराने उभे आहेत. कक्षेत पाठ टेकायला काही नसते. भिंतीला बांधलेल्या झोपपिशवीत शिरावे लागते. शरीर सैल पडले की हात आपोआप छातीपुढे तरंगत येतात. अंगाखाली दाब जाणवत नाही म्हणून काही जण पट्टे मुद्दाम आवळून घेतात. तोंडाजवळ पंखा लागतो, कारण वजनच नसल्याने उच्छ्वासाची उबदार हवा वर सरकत नाही आणि कार्बन डायऑक्साइड चेहऱ्याभोवती साचतो.

तरीही अपुऱ्या झोपेचे सारे खापर वजनरहिततेवर फोडणे अन्यायाचे आहे. नासाच्या १९९८ च्या ‘न्यूरोलॅब’ अंतराळ मोहिमेत अंतराळवीरांचे घोरणे जवळजवळ थांबले आणि झोपेतले श्वासाचे अडथळेही घटले: जीभ व टाळू घशाकडे ओढणारा भार तिथे नसतो. खरा घोटाळा उजेडाचा आणि कामाच्या वेळापत्रकाचा. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधले मुख्य घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते. रोजचा प्रकाश ते जुळवून देतो. बंगळूरूत वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक मात्र सुमारे नव्वद मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करते, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय! २०२५ च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी तिथे असे अठरा दिवस काढले.

स्थानकातली दिनचर्या ग्रीनिच वेळेवर चालते. साडेआठ तासांची झोप आखलेली असली तरी प्रत्यक्षात सरासरी सहा तासच पदरात पडतात. झोपेच्या गोळ्या घेणारेही पुष्कळ. यावर उपाय म्हणून सकाळी निळसर आणि झोपण्यापूर्वी पिवळसर उजेड देणारे एलईडी दिवे स्थानकात बसवले आहेत.

गगनयानाची पहिली समानव फेरी आराखड्यानुसार तीन दिवसांची आहे. झोपेत व्यत्यय आणणारी मळमळ, तोंडावर येणारी सूज, डोक्याकडे चढलेले रक्त यांचा जोर नेमका याच पहिल्या दिवसांत असतो.