किंग की क्वीन? गादी घेण्याआधी खोली मोजा

दुकानात गादीवर झोपून पाहता, पण घरची खोली मोजता का? आपल्याकडे किंग गादी साधारण ७२ × ७८ इंच, तर क्वीन ६० × ७८ इंच असते. १० × १० फुटांच्या खोलीत किंगच्या दोन्ही बाजूंना मिळून ४ फूटच उरतात. त्यातच कपाट आणि नागपूरच्या उन्हाळ्यातला कूलर! रात्री लघवीला उठणारे आजी-आजोबा इथेच अडखळतात आणि खुब्याचे हाड मोडू शकते. क्वीन घेतल्यास एका बाजूला वॉकरसाठी ३ फूट, दुसरीकडे २ फूट मिळतात. पलंगाच्या काठावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतात ना, हेही पाहा. घरात वयस्कर व्यक्ती असेल, तर आधी चालण्याची वाट ठरवा, मग गादी.