नगरदर्शनासाठी स्थानिक पर्यटनसंस्थेची निवड : नंदुरबारच्या संदर्भात

प्रथम संज्ञा निश्चित करू. प्रस्तुत विवेचनात 'पर्यटनसंस्था' म्हणजे मोबदला घेऊन परगावच्या व्यक्तीच्या प्रवासाचे दायित्व स्वीकारणारा व्यवसाय. मग तो कार्यालय थाटून चालो वा एका गाडीच्या मालकाने मोबाइलवर चालवलेला असो. 'लघु' हे विशेषण गाड्यांच्या वा नोकरांच्या संख्येवरून लावण्यात अर्थ नाही. शब्द देणारा आणि तो पाळणारा यांच्यातील अंतर हे लघुत्वाचे माप मानावे. फोनवर दर ठरवणारी व्यक्ती प्रवासाच्या दिवशी स्वतः येणार असेल, किंवा येणाऱ्याला नावाने व सवयींनी ओळखत असेल, तर संस्था लघु होय. एकच गाडी असलेला, परंतु आलेले काम परस्पर दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे वळवणारा व्यावसायिक या अर्थाने लघु नव्हे.

'स्थानिक' ही संज्ञा अधिक कठीण आहे, कारण ती सापेक्ष आहे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. प्रशासनाच्या दृष्टीने हा एक प्रदेश असला, तरी प्रवाशाच्या दृष्टीने तो एक नाही. नंदुरबार शहर आणि शहादा परिसर तापीखोऱ्यात मोडतो. तेथील बाजारात मराठीबरोबर अहिराणी आणि गुजराती सर्रास कानी पडते. नवापूर सीमेवर आहे; तेथील रेल्वेस्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याचा डोंगराळ भाग सातपुड्याचा असून तेथे पावरी आणि भिली बोलल्या जातात. म्हणजे नंदुरबार शहरातील संस्था माणिक चौकात स्थानिक असते, प्रकाशाच्या तापी-गोमाई संगमावर बव्हंशी स्थानिक असते आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातील मोलगीच्या पुढे परकी ठरते. संस्था स्थानिक आहे काय, हा प्रश्न त्यामुळे अपुरा आहे. कोणत्या स्थळापुरती स्थानिक, असे विचारणे भाग आहे.

या सापेक्षतेतून स्थानिकतेच्या तीन पायऱ्या निघतात. पहिली वास्तव्याची : संस्थाचालक त्या भागात राहतो. दुसरी भाषेची : तेथील माणसाशी तो त्याच्या बोलीत बोलू शकतो. तिसरी संबंधाची : परवानगी कोणाकडे मागावी, हे त्याला ठाऊक असते आणि त्याने मागितलेली परवानगी मिळते. पहिली पायरी सर्वत्र सांगितली जाते, तिसरी क्वचितच आढळते. शहरासाठी पहिली पुरेशी आहे. सातपुड्यातील गावासाठी तिसरीवाचून चालत नाही. शहरातील प्रामाणिक संस्था अशा वेळी डोंगरातल्याच धडगाव किंवा मोलगीचा माणूस सोबत घेते आणि त्याचा मोबदला हिशेबात वेगळा दाखवते.

आता विक्रेय वस्तूचे पृथक्करण करू. 'एका दिवसाची टूर' या एका किमतीत वाहन, ज्ञान आणि प्रवेश अशा तीन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि प्रत्येकीची कसोटी वेगळी आहे.

वाहनाची कसोटी कागदावर होते. भाड्याच्या प्रवासी मोटारीची नोंदणीपाटी पिवळी आणि तिच्यावरील अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. ओळखीच्या नात्याने पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देणारे सर्वत्र भेटतात. परंतु खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाल्यास विमा कंपनीला दायित्व नाकारण्याचा आधार मिळतो, आणि तोरणमाळच्या घाटात किंवा अक्कलकुवा ते मोलगी मार्गावरील देवगोई घाटात ही बाब गौण राहत नाही. दुसरा कागद परवान्याचा. सुरत किंवा केवडियाचा टप्पा जोडायचा असल्यास गाडीला गुजरातेत जाण्याचा परवाना आहे काय, हे आधी पाहावे. गुजरातेत दारूबंदी असल्याने सामानाबाबतची सूचनाही संस्थेने आपणहून द्यावी. याउलट जीएसटी क्रमांकाच्या अभावाला दोष मानू नये : सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः ती नोंदणी सक्तीची नाही.

ज्ञानाची कसोटी कागदावर होत नाही. ती विधानांवरून करावी लागते. मार्गदर्शकाची विधाने त्रिविध असतात. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे तरुण हुतात्मा झाले : हे ऐतिहासिक विधान. नगराचे नाव नंदगवळी राजावरून पडले, प्रकाशा ही दक्षिणकाशी होय, सातपुड्यातील काठी गावच्या राजवाडी होळीचा आरंभ 1246 साली झाला : ही परंपरेची विधाने, ती 'असे मानतात' या शब्दांसह सांगितली तर निर्दोष आहेत. तिसरा वर्ग रचित विधानांचा, जी पाहुण्याला खूश करण्यासाठी जागेवरच जन्मतात. चांगल्या मार्गदर्शकाचे लक्षण अधिक कथा सांगणे हे नसून हे तीन वर्ग मिसळू न देणे हे आहे. फोनवरच विचारावे : हे कशावरून? प्रश्नाने राग आला, तर निर्णय सोपा होतो.

ज्ञानाची आणखी एक, अधिक निर्णायक कसोटी नकाराची आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या सुमारास भरतो. मे महिन्यात कोणी घोडेबाजारासाठी सारंगखेड्याला नेण्याचे कबूल करत असेल, तर तो पाहुण्याला एकमुखी दत्ताचे मंदिर, तापीचा पूल आणि मोकळे मैदान दाखवील. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरच्या वाळतात त्या मुख्यतः हिवाळ्यात. पावसाळ्यात त्या लाल पथाऱ्या दाखवण्याचे वचन देणारा एकतर अज्ञ आहे किंवा दुसरे काही आहे. सुमारे 1,150 मीटर उंचीवरील तोरणमाळ, यशवंत तलाव आणि सीताखाई पाहून त्याच दिवशी काठी आणि प्रकाशाही 'करून देतो' असे म्हणणारा अंतरे जाणतो, पण पाहुणा ती जाणत नाही हेही जाणतो. जी संस्था काहीच नाकारत नाही, तिच्या होकाराला मूल्य नसते.

प्रवेशाचा विचार सर्वाधिक नाजूक आहे. प्रवेश म्हणजे केवळ फाटक उघडणे नव्हे. यजमानाची संमती मिळणे होय. काठीच्या होळीत बावा, बुध्या, मोरखी यांचे वेश धारण करणारे पुरुष नवसाने बांधलेले व्रतस्थ असतात, ते कार्यक्रमाचे कलावंत नव्हेत. त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू देणारी संस्था पाहुण्याचे समाधान आणि यजमानाचा अपमान एकाच शुल्कात विकते. मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या स्त्रियांबाबतही हेच लागू आहे; तेथे मालकाची परवानगी आवश्यक आहे, पुरेशी नाही. संस्थेला विचारावे की छायाचित्रांबाबत तिचा नियम काय आहे. नियमच नसेल, तर ती प्रवेश विकत नसून अतिक्रमण विकते.

दराविषयी थोडक्यात. किलोमीटरमागे दर, दिवसाचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, मुक्काम, टोल आणि पार्किंग ही कलमे वेगळी लिहून घ्यावीत. किलोमीटर गाडी निघाल्यापासून मोजायचे की पाहुणा बसल्यापासून, हा बहुतेक भांडणांचा उगम आहे. व्हॉट्सॲपवरील मजकूर चालेल, तोंडी बोलणे चालणार नाही. आगाऊ रक्कम गाडी अडवून ठेवण्यापुरती असावी आणि तिची पावती घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागता येते. पुण्याच्या पाहुण्याने त्यासाठी नंदुरबारला खेटे घालण्याचे कारण नाही.

शेवटी अपवाद. केवळ नंदुरबार शहर पाहायचे असेल, तर पर्यटनसंस्थेची गरज बहुधा नसते. सुरत-भुसावळ मार्गावरील स्थानकात उतरून रिक्षाने माणिक चौकातील हुतात्मा स्मारकापर्यंत जावे आणि बाजारपेठ पायी पाहावी. अर्धा दिवस पुरतो. पाहुणा वृद्ध असेल, किंवा शहराला प्रकाशा अथवा सारंगखेडा जोडायचे असेल, तेव्हा पिवळ्या पाटीची गाडी आणि जाणता चालक एवढे पुरे. वेगळ्या मार्गदर्शकाचे शुल्क देऊ नये. ते शुल्क सातपुड्यासाठी राखावे, आणि तेथे कोणता माणूस सोबत येणार त्याचे गाव विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये.