गाडीने वसवलेलं गाव

शहर वाढतं ते कशाच्या तरी आधाराने. पुण्याला शिक्षणाचा आधार मिळाला. फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालचं, विद्यापीठ १९४९ सालचं. शिकायला आलेली कितीतरी मुलं पुढे तिथलीच झाली. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महापालिकेत ३१ लाख लोक होते.

आपल्या वसई-विरारला आधार मिळाला तो रेल्वेचा. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. आपल्यापैकी बहुतेक जण तिच्याच जोरावर इथे आलो. मुंबईत जागा परवडली नाही, इथे परवडली, एवढा साधा हिशेब!

तसं विद्येचं या मातीला वावडं नाही. सोपारा हे प्राचीन बंदर. इथे सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला, आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उजेडात आणला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी पोर्तुगीजांच्या काळात त्याच किल्ल्यात जेझुइटांचं कॉलेज होतं, हे किती जणांना माहीत आहे?

आपला भूगोलही लक्षात घ्या. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. मधे भातशेती, केळीच्या वाड्या, मिठागरं. या चौकटीतल्या चार नगरपालिकांत २००१ साली पावणेपाच लाखांच्या आसपास वस्ती होती. २००९ मध्ये त्या एक होऊन महापालिका झाली, आजूबाजूची गावंही आली, आणि २०११ ला आकडा १२ लाखांवर गेला. माणसं वाढली, जमीन तेवढीच राहिली. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, तेव्हा ही चौकट सगळ्यांनाच दिसली.

वर्तक कॉलेज १९७१ पासून आहे, पुढे इंजिनीअरिंग कॉलेजही झालं. तरी आपली कितीतरी मुलं आजही शिकायला सकाळची गाडी पकडतात. त्यांचे दोन-तीन तास डब्यात उभं राहण्यातच जातात.

विद्यापीठ उभारणं काही सोसायटीच्या हातात नाही. पण परीक्षेच्या दिवसांत सोसायटीचं ऑफिस रात्री अभ्यासासाठी उघडं ठेवता येईल. घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं. बिचाऱ्यांनी बसायचं कुठे? येत्या कमिटीने हा विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा, ही रौप्यमहोत्सवानिमित्त माझी विनंती. किल्ली सांभाळायला मी तयार आहे.