हिवरे बाजार : शाळा, ग्रामसभा आणि नेतृत्वाची जडणघडण

प्रस्तावना :

विद्यार्थ्याचे चारित्र्य व नेतृत्वगुण घडविणे हे शिक्षणाचे ध्येय सर्वमान्य आहे. मात्र ते केवळ वर्गाध्यापनातून साध्य होते काय, हा प्रश्न अध्यापकांपुढे सतत उभा राहतो. महाराष्ट्रात या प्रश्नाला कृतीने उत्तर देण्याची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. 1937 मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींच्या नई तालीमचा विचार पुढे आला. या परंपरेच्या संदर्भात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचा विचार करणे उद्बोधक ठरते.

गाव आणि शाळा :

पर्जन्यछायेतील हे गाव 1972 च्या दुष्काळानंतर खचत गेले. स्थलांतर, व्यसने आणि भांडणे वाढली. येथील नेमणूक ही शासकीय कर्मचाऱ्यांना शिक्षा वाटे. 1989 मध्ये वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार यांची सरपंचपदी बिनविरोध निवड झाली. शाळेची सुधारणा हा गावाच्या आरंभीच्या कामांपैकी एक विषय होता. पुढे आदर्श गाव योजनेत सहभागी झालेल्या या गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन यांचा स्वीकार केला.

शैक्षणिक दृष्ट्या विशेष महत्त्वाचा आहे तो पाण्याचा ताळेबंद. पडलेला पाऊस आणि विहिरींतील पाण्याची पातळी मोजून उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडला जातो व त्यानुसार पिकांचे नियोजन होते. या कामात शाळकरी मुलांचाही सहभाग असतो. मोजलेला आकडा चुकला तर त्याचे परिणाम शेतात दिसतात. त्यामुळे प्रामाणिकपणा हा येथे सुविचाराच्या फळ्यावरचा शब्द राहत नाही, तो व्यवहाराची अट बनतो. गणित आणि भूगोल यांना नागरिकशास्त्राची जोड मिळते.

मर्यादा आणि समारोप :

तथापि एक शंका रास्त आहे. समर्थ नेतृत्वाच्या छायेत वाढणारी पिढी नेतृत्व शिकते की अनुसरण? दीर्घकाळ बिनविरोध निवडणुका झालेल्या या गावात जानेवारी 2021 मध्ये ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले आणि पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. या निकालातून जनतेचा विश्वास व्यक्त झाला. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने मतभेदांना मिळालेली वाटही तितकीच मोलाची मानावी लागेल. एकमत हे नेतृत्वशिक्षणाचे अंतिम फलित नव्हे. ज्या हिशेबावर गाव निर्णय घेते, तो स्वतः तपासण्याची क्षमता आणि वेळप्रसंगी प्रश्न विचारण्याचे धैर्य विद्यार्थ्यात येणे, हे ते फलित होय. महाविद्यालयीन अध्यापकांनीही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांची फलश्रुती याच निकषावर तपासून पाहणे आवश्यक आहे.