चरबी, रंगून तेल आणि ग्रीस

काळी दारू जळते तेव्हा तिच्या निम्म्याहून अधिक भागाचा वायू होतच नाही. त्यातली बरीचशी काजळी नळीला चिकटते, वाळून खडखडीत होते, आणि काही बारांनंतर पुढची गोळी ठासता ठासेनाशी होते. बंदुकीच्या वंगणाची कुळकथा या काजळीपासून सुरू होते. चरबी आणि मेण काजळीला मऊ ठेवतात. म्हणून 1853 च्या एनफिल्ड रायफलीच्या कागदी काडतुसाचा गोळीकडचा भाग चरबी-मेणाच्या मिश्रणात बुडवलेला असे. दातांनी फाडायचं टोक दारूकडचं, म्हणजे वंगणाच्या विरुद्ध बाजूचं. तरीही हाता-ओठांना वंगण लागण्याची शिपायांची धास्ती खोटी नव्हती.

चरबी कुठल्या जनावराची, हा हिंदू-मुसलमान शिपायांसाठी धर्माचा प्रश्न होता, पण त्याची खातरजमा कलकत्त्याच्या शस्त्रागाराने केली नव्हती. जानेवारी 1857 मध्ये दमदमला शिपायांची कुजबुज सुरू झाल्यावर 27 तारखेला सरकारने हुकूम काढला: काडतुसं कोरी द्यावीत, शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण लावावं. तोवर विश्वास उडाला होता. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ या 1857 च्या उठावाच्या आठवणींमध्येही या काडतुसांची हकिगत येते. दुखणारी गोष्ट अशी, की वंगण म्हणूनही चरबीचा आग्रह धरण्यासारखं काही नव्हतं. पुढे ब्रिटिशांनीच एनफिल्डच्या काडतुसावरची चरबी कमी करून मधमाशीचं मेण वाढवलं.

प्राण्यांच्या चरबीचा दुसरा दोष सगळ्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. ती खवट होते. खवट झाली की आम्ल सुटतं, धातू खाल्ला जातो आणि उरलेला थर चिकट होतो. खनिज तेल असं नासत नाही. इरावतीकाठच्या येनानजाउंगला हाताने खणलेल्या विहिरींतून ते पिढ्यान्‌पिढ्या उपसलं जात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे ब्रह्मी तेल रंगून बंदरातून लंडनला जाऊ लागलं आणि तिथला मेणबत्तीचा कारखाना ते गाळू लागला. ‘रंगून ऑइल’ हे नाव पुढे ब्रिटिश फौजांत बंदुकीच्या तेलासाठी रूढ झालं.

या तेलाला रायफलीत हक्काची जागाही मिळाली. ली-एनफिल्डच्या, म्हणजे आपल्या ‘थ्री नॉट थ्री’च्या दस्त्याला मागच्या बाजूने पितळी झाकण असतं. ते उघडलं की आत बोटाएवढी तेलाची बाटली आणि गुंडाळलेला पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. वजन मागच्या बाजूने नळीत सोडायचं, दोरीच्या फासात चार बाय दोन इंचांची चिंदी अडकवायची आणि पुढच्या तोंडातून एका दमात ओढून काढायची.

पण तेल लावूनही नळी गंजायची. तोवर काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूने घेतली होती. दोष होता काडतुसाच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा. ते जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो, हवेतली ओल ओढतो आणि तेलात विरघळत नाही. त्याच्यावर तेल चोपडणं म्हणजे गंजावर पांघरूण घालणं. उपाय साधा होता: आधी नळीत उकळतं पाणी ओतायचं. क्षार विरघळून जातो आणि तापलेली नळी आपोआप वाळते. मग चिंदी, मग तेल. तेलाइतकाच हा क्रम महत्त्वाचा, आणि हे ज्या शिपायांना नीट शिकवलं गेलं त्यांच्या रायफली टिकल्या.

ग्रीसची पाळी आली ती स्वयंचलित यंत्रणेबरोबर. अमेरिकी सैन्याने 1936 मध्ये स्वीकारलेल्या एम-1 गॅरंड रायफलीत प्रत्येक बारानंतर एक लांब पोलादी दांडा मागे येतो आणि बोल्टला फिरवून उघडतो. दांड्याची खाच आणि बोल्टचा कान जबर दाबाखाली एकमेकांवर घासतात. मुसळधार पावसात तिथलं तेल धुऊन जायचं आणि यंत्रणा जखडायची. तिथे ग्रीस तग धरून राहिलं, म्हणून सैनिकांना ग्रीसच्या इवल्या डब्या मिळू लागल्या.

तेव्हापासून जाणकारांचा हिशेब असा: जिथे धातू दाबाखाली सरकतो तिथे ग्रीस, जिथे नाजूक खिळ्या आणि स्प्रिंगा तिथे तेल. बाराचा वायू जिथे दांड्याला ढकलतो तो गॅरंडचा गॅस सिलिंडर कोरडा ठेवायचा, कारण तिथलं तेल जळून कार्बन होतं. काडतुसाचं घरही कोरडं हवं. बाराच्या वेळी पितळी कवच फुगून घराची भिंत धरतं. भिंत तेलकट असेल तर पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

वाळवंटात पातळ तेलावर वाळू बसून पॉलिशची लापशी तयार होते, म्हणून तिथे तेल अगदी बेताचं. थंडीत उलटा त्रास. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वाटेवर जर्मनांच्या मशीनगनमधलं वंगणच थिजलं. साफसफाई, वंगण आणि गंजरोधन एकाच बाटलीत देणारं ‘सीएलपी’ अमेरिकी सैन्याने पुढे आणलं, तरी त्याच सैन्याच्या पुस्तिका उणे 23 अंशांखाली ते पुसून काढून आर्क्टिक हवेसाठीचं वेगळं, पातळ तेल लावायला सांगतात.